घरपट्टीची हरकत : हक्क आणि हिशेब

आपल्या व्यापारी घरांत कागदपत्रांचा मान मोठा असतो. विक्रीकराच्या काळापासून आजच्या जीएसटीपर्यंत प्रत्येक चलन तारीखवार लावून ठेवणारी, रोकड वहीत एका रुपयाचा फरक राहिला तर रात्री उशिरापर्यंत दिवा न विझवणारी माणसे आपल्यात आहेत. मात्र नगर परिषदेचे घरपट्टीचे देयक आले की हीच माणसे ते फारसे न वाचता भरून टाकतात. रक्कम जास्त वाटली तर दुकानात बसून चार शब्द बोलतात, आणि मग म्हणतात, “सरकारशी कोण भांडणार?” आमच्या घरीही कित्येक वर्षे हेच चालत आले. एका पावसाळ्यात आलेल्या नोटिशीने ही सवय मोडली. त्या अनुभवातून जे शिकायला मिळाले ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे घर वर्धा जिल्ह्यातील एका जुन्या कापूसपेठेच्या गावात आहे. पुढे रस्त्यावर दुकान, मध्ये उघडा चौक, मागे टिनपत्र्याचे गोदाम आणि दुकानावर राहण्याच्या खोल्या, अशी त्याची रचना. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील जुन्या व्यापारी घरांचा हाच साचा आहे. कापसाच्या दिवसांत चौकात बैलगाड्या सुटायच्या आणि गोदामात सरकीची पोती लागायची. आता गोदामात जुन्या तागड्या, मोडके फळ्यांचे कपाट आणि लग्नकार्याची मोठी भांडी आहेत. चौकात तुळस आहे, आईची वाळवणे आहेत, आणि उन्हाळ्यात नातवंडे आली की खाटा पडतात.

नोटिशीत या सगळ्याचे वर्णन एका ओळीत होते : २,४०० चौरस फूट, आरसीसी बांधकाम, वापर वाणिज्य.

एका ओळीतल्या चार चुका

बाबांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली आणि मला टेप आणायला सांगितला. दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघांनी घर मोजले. दुकान ६२० चौरस फूट भरले, मागचे गोदाम ५४०, वरच्या राहत्या खोल्या ७६० आणि उघडा चौक ४८०. चारही आकड्यांची बेरीज बरोबर २,४०० झाली. मोजणीसाठी आलेल्या मुलांनी हातचलाखी केली नव्हती. बाहेरच्या भिंतींच्या आत जे जे होते ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजले होते. पण ज्याला छत नाही तो चौक बांधकामात धरला गेला होता. टिनाचे गोदाम आरसीसी ठरले होते. राहत्या खोल्या दुकानाच्या खात्यात गेल्या होत्या. शिवाय शंभर वर्षांकडे झुकलेल्या विटामातीच्या भिंतींचे वय कुठेच लिहिलेले नव्हते.

मोजणीचे आकडे एकदा यादीत गेले की पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा राहतो. म्हणून घरपट्टी नेमकी कशावर बसते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या सहा नगर परिषदा आहेत, तर सेलू, समुद्रपूर, कारंजा (घाडगे) आणि आष्टी येथे नगरपंचायती आहेत. या सर्वांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. या कायद्यानुसार घरपट्टीचा पाया घराची बाजारातील किंमत नसून घराचे वार्षिक भाडे हा आहे. हे घर वर्षभर भाड्याने दिले तर रास्तपणे किती भाडे येईल, याचा अंदाज नगररचना व मूल्यनिर्धारण खात्याचा प्राधिकृत अधिकारी करतो. प्रत्यक्ष भाडे येत असेल तर तेही विचारात घेतले जाते. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी सरसकट दहा टक्के वजा करून जे उरते ते करयोग्य मूल्य. नगर परिषदेने ठरवलेल्या टक्केवारीने कर या मूल्यावर बसतो.

आकड्यांत पाहू. एखाद्या घराचे रास्त भाडे दरमहा ४,००० रुपये धरले, तर वर्षाचे ४८,००० होतात. दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ४३,२०० उरते. कराचा दर समजण्यापुरता २५ टक्के मानला, तर कर १०,८०० रुपये होतो. आता वापर चुकीचा लिहिल्यामुळे किंवा क्षेत्र वाढल्यामुळे तेच भाडे ६,००० धरले गेले, तर वर्षाचे ७२,०००, करयोग्य मूल्य ६४,८०० आणि कर १६,२००. वर्षाला ५,४०० रुपयांचा फरक पडला. करआकारणीची यादी साधारणपणे चार वर्षांसाठी केली जाते, म्हणून तो फरक चार वर्षांत २१,६०० रुपयांचा होतो. ज्या चुकीला एक टेप आणि एक अर्ज पुरला असता, तिची ही किंमत.

‘वापर’ या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. देयकावर घरपट्टीखेरीज शिक्षण उपकर, वृक्षकर, अग्निशमन कर अशा ओळी असतात. रोजगार हमी उपकर मात्र अनिवासी वापराच्या मिळकतींवर असतो. राहत्या खोल्या वाणिज्य म्हणून लिहिल्या गेल्या, तर भाड्याचा दर तर वाढतोच, पण जो उपकर त्या खोल्यांवर लागू नाही तोही मागून येतो. दुकानावर राहणाऱ्या आपल्या बहुसंख्य कुटुंबांचा प्रश्न नेमका इथे आहे.

तीस दिवस, पंधरा दिवस

नोटीस आली तेव्हा चातुर्मास सुरू होता आणि पर्युषण जवळ आले होते. मोठेबाबा म्हणाले, “पर्व होऊ द्या. या दिवसांत कचेरीच्या पायऱ्या चढायच्या का? नंतर पाहू.” घरात त्यांचा शब्द सहसा मोडला जात नाही. तरी बाबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बोट ठेवून दिवस मोजले. पर्व संपून क्षमापना होईपर्यंत हरकतीची मुदत सरून जाणार होती.

कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे करआकारणीची यादी तयार झाली की मुख्याधिकारी जाहीर सूचना देतात आणि हरकतीसाठी निदान तीस दिवसांची मुदत ठेवतात. मिळकतीवर पहिल्यांदाच आकारणी झाली असेल किंवा आकारणी वाढली असेल, तर मालकाला वा भोगवटादाराला स्वतंत्र नोटीसही द्यावी लागते. यादी पाहण्याचा आणि तिच्यातील उतारा लिहून घेण्याचा हक्क प्रत्येक मालकाला विनाशुल्क आहे. पुष्कळ लोक सरळ माहिती अधिकाराचा अर्ज करतात. तो हक्कही मोलाचा आहे, पण त्याच्या उत्तराची मुदतही तीस दिवसांचीच असते. उत्तर हाती येते तेव्हा हरकतीचा दिवस मागे पडलेला असतो. म्हणून आधी कचेरीत जाऊन यादी पाहावी, मोजणी पत्रकातील आपल्या घराचा तपशील उतरवून घ्यावा, हरकत दाखल करावी, आणि नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज त्यासोबत द्यावा.

हरकतीचा अर्ज म्हणजे एक औपचारिकता, असे समजण्याची चूक आमच्या नात्यातील एका कुटुंबाने केली. नोटीस आली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढे देयक हाती पडले, रक्कम पाहून घरात खळबळ उडाली, वकील गाठून अपील केले. ते गुणदोषात न जाताच फेटाळले गेले. कारण कलम १६९ ने अपिलाचा हक्क दिला असला, तरी कलम १७० ने त्याला तीन अटी घातल्या आहेत. देयक मिळाल्यापासून पंधरा दिवसांत अपील झाले पाहिजे. मागणीची रक्कम आधी नगर परिषदेत जमा केली पाहिजे. आणि आकारणीच्या वेळी ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत घेतलेली असली पाहिजे. त्या कुटुंबाने पंधरा दिवस पाळले होते, पैसेही भरले होते. तिसरी अट मात्र मागे जाऊन पुरी करता येण्यासारखी नव्हती. त्यांची तक्रार खरी होती की खोटी हे कुणी पाहिलेच नाही.

पैसे भरून अपील करायचे ही अट अनेकांना जाचक वाटते. “जे आम्हाला मान्य नाही ते भरायचे कशाला?” असा प्रश्न येतो. व्यापाऱ्याने याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते. वाद चालू असताना ती वाढू देण्यापेक्षा ‘हक्क राखून’ असे लिहून रक्कम भरणे आणि पुढे निर्णय बाजूने लागल्यास समायोजन मागणे हे शहाणपणाचे.

त्या संध्याकाळी बाबांनी मोठेबाबांना दिनदर्शिका दाखवली. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “मग पर्वाच्या आधीच देऊन टाका. मनात ठेवून प्रतिक्रमणाला बसण्यापेक्षा ते बरे.”

नदीपलीकडची एक जुनी लढाई

करासंबंधी स्थानिक संस्थेला प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, ही समजूत आपल्या भागात तरी नसावी. कारण या विषयातील एक गाजलेला निवाडा आपल्या शेजारच्याच गावातून उभा राहिला. पुलगावहून रेल्वेने वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातले धामणगाव लागते. तेथील नगर समिती जिनिंग-प्रेसिंगमधून निघणाऱ्या कापसावर कर घेत असे. व्यवसायावरील अशा करासाठी घटनेच्या कलम २७६ ने त्या काळी एका व्यक्तीमागे वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. ती मर्यादा ओलांडून घेतलेल्या रकमेसाठी भारत कला भांडार या कंपनीने दावा लावला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, घटनेची मर्यादा ओलांडून वसूल केलेल्या कराच्या परताव्यासाठी दिवाणी दावा चालू शकतो. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिला.

या निवाड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कर मुळातच अधिकाराबाहेरचा असेल, तर दिवाणी न्यायालयाचे दार उघडे राहते. मात्र कर कायदेशीर आहे, फक्त आपल्या घराचे मूल्य चुकीचे धरले गेले आहे, अशी तक्रार असेल, तर कायद्यानेच आखून दिलेली हरकतीची आणि अपिलाची वाट चालावी लागते. ती सोडून सरळ न्यायालयात जाणाऱ्याला बहुधा परत त्याच वाटेवर पाठवले जाते. आपली बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारची असतात.

भाड्याच्या अंदाजाबद्दलही न्यायालयांनी बरेच लिहून ठेवले आहे. कलकत्ता महापालिका विरुद्ध पद्मादेवी या १९६१ च्या निर्णयात असे म्हटले गेले की, भाडेनियंत्रण कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे ‘रास्त अपेक्षित’ मानता येणार नाही. दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात १९७९ मध्ये हेच तत्त्व आणखी पुढे नेले गेले. प्रमाणभाडे कुणी ठरवून घेतलेले नसले, तरी आकारणी करणाऱ्याने ते लक्षात घेतले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे बेळगाव महापालिकेच्या १९९४ च्या प्रकरणापर्यंत येता येता, गोठलेल्या भाड्यांमुळे नगरसंस्थांचे उत्पन्नही गोठते, ही दुसरी बाजू न्यायालयाने ठळकपणे मांडली. निरनिराळ्या कायद्यांतील शब्दरचना वेगळी असल्यामुळे हे तत्त्व सगळीकडे सारखे लागू पडत नाही. तरी ज्यांच्या गाळ्यात आजोबांच्या काळचा भाडेकरू नाममात्र भाड्यावर बसला आहे, त्यांनी भाडेपावत्या आणि करारनामा हरकतीला अवश्य जोडावा.

मोठ्या शहरांत वादाचे स्वरूप बदलले आहे. मुंबईने भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत स्वीकारली. तिच्या २०१० आणि २०१५ च्या नियमांतील काही तरतुदी उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या. तो निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. इमारत उभी होण्याआधीच तिच्या भावी किमतीवर जमिनीचा कर घेता येणार नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. जे आज नाही त्यावर कर नको, हे तत्त्व ऐकायला सोपे आहे. ते मान्य करून घ्यायला मिळकतधारकांना दीर्घकाळ लढावे लागले.

आईचा प्रश्न

हरकतीचा मसुदा मी लिहीत होतो. चौक वगळावा, गोदामाचे बांधकाम टिनाचे लिहावे, वरच्या ७६० चौरस फुटांचा वापर निवासी धरावा, इमारतीचे वय नोंदवावे, असे चार मुद्दे झाले. सोबत आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, मागील पावत्या, दुकानाची आणि घराची वेगवेगळी वीजबिले आणि छायाचित्रे जोडली. आई भाजी निवडत ऐकत होती. तिने मध्येच विचारले, “आणि गच्चीवरची खोली?”

गच्चीवर १४० चौरस फुटांची एक खोली आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या अभ्यासासाठी काही वर्षांपूर्वी ती बांधली. परवानगी घेतली होती, पण पूर्ण झाल्याचे कळवायचे राहून गेले. मोजणीला आलेली मुले गच्चीवर चढलीच नव्हती.

मोठेबाबा लगेच म्हणाले, “त्यांनी पाहिली नाही तर आपण का सांगायचे? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.” मलाही मनातून तसेच वाटत होते. त्यांनी आमचा उघडा चौक मोजला, आम्ही एक खोली सांगितली नाही; फिटंफाट झाली, असा हिशेब मी करून ठेवला होता.

आई शांतपणे म्हणाली, “त्यांचे माप मोठे म्हणून आपण तक्रार करतो. मग आपले माप लहान का ठेवायचे?”

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ करतो. त्यांत हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त माप वापरणे. त्यातच विरुद्धराज्यातिक्रमही आहे, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन. तत्त्वार्थसूत्रात ही दोन्ही नावे एकाच सूत्रात आली आहेत. दुकानातल्या तराजूला आपण ती लावतो. घराच्या टेपलाही ती लागतात, हे आईच्या एका प्रश्नाने लक्षात आले. बाबांनी माझ्या हातून कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात पाचवा मुद्दा लिहिला : गच्चीवरील १४० चौरस फुटांची निवासी खोली नोंदवून घ्यावी. मोठेबाबा उठून गेले. रात्री जेवताना त्यांनी एवढेच विचारले, “खोलीचे परवानगीपत्र जोडले ना?”

येथे व्यवहाराचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. परवानगी न घेता बांधलेल्या भागावर कायद्याने कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. ज्यांच्या घरी असा भाग आहे त्यांनी हरकत घेण्यापूर्वी वास्तुविशारदाचा सल्ला घेऊन नियमितीकरणाची शक्यता तपासावी. परंतु लेखी निवेदनात खोटे लिहू नये. एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या चार खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

सुनावणीचा दिवस

सुनावणीचे आपल्याला वाटते तेवढे मोठे प्रकरण नसते. एक टेबल, फायलींचा ढीग, बाहेर बाकावर वाट पाहणारी माणसे. प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. आमच्या आधीचे गृहस्थ शहरातील रस्ते, नाल्या आणि पाणीपुरवठा यांवर तावातावाने बोलले. त्यांचे म्हणणे खरे असेल, पण त्यांच्या घराचे क्षेत्र किती हा प्रश्न आला तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. सुविधांची तक्रार वेगळी आणि मूल्याची हरकत वेगळी. ती मिसळली की दोन्ही वाया जातात. शेजाऱ्याला कमी कर आहे, एवढे म्हणूनही भागत नाही. शेजारचे घर त्याच रस्त्यावर, त्याच प्रकारच्या बांधकामाचे, त्याच वापराचे आणि साधारण त्याच वयाचे आहे, हे दाखवता आले तरच तुलनेला वजन येते.

बाबांनी एक पानाचा तक्ता पुढे ठेवला. डाव्या बाजूला यादीतील नोंद, उजव्या बाजूला प्रत्यक्ष स्थिती, आणि प्रत्येक ओळीपुढे जोडपत्राचा क्रमांक. अधिकाऱ्यांनी तो वाचला. पाचव्या ओळीवर त्यांची नजर थांबली. “ही खोली यादीत नाही,” ते म्हणाले. “नाही. म्हणूनच लिहिली आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारले नाही. स्थळपाहणीचा शेरा मारून फाईल बाजूला ठेवली.

स्थळपाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने चौकात उभे राहून वर पाहिले. वर आकाश होते. गोदामाच्या टिनाला हात लावला, गच्चीवर जाऊन खोली मोजली. अंतिम यादीत चौक वगळला गेला, गोदामाचा प्रकार बदलला, वरच्या खोल्या निवासी झाल्या आणि गच्चीवरची खोली चढली. इमारतीच्या वयाबद्दलचा आमचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य झाला नाही. पुढच्या रस्त्याच्या बाजूची भिंत नवी आहे, हे कारण दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. देयक कमी झाले, पण बाबांनी केलेल्या हिशेबाइतके नाही. अपील करावे का, यावर घरात चर्चा झाली. बाबांनी पंधरा दिवसांच्या आत निर्णय सांगितला, “जेवढे मागण्यासारखे होते तेवढे मिळाले.” आणि देयक भरले.

शहराच्या वेशीवर

वर्ध्यात दुकान आणि घर मात्र पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), नालवाडी किंवा सावंगी (मेघे) येथे, अशी पुष्कळ कुटुंबे आहेत. तेथे नगर परिषद नसून ग्रामपंचायत आहे, म्हणून नियमही निराळे. डिसेंबर २०१५ मधील सुधारणेनंतर ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापरानुसार भारांक यांतून ते मूल्य निघते. नमुना ८ चा उतारा घेऊन त्यातील बांधकामाचे वर्ष आणि प्रकार तपासावा. घसारा त्यावरच अवलंबून असल्यामुळे वर्ष चुकले की सगळेच चुकते. आकारणी अमान्य असल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे पंचायत समितीकडे आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

मंदिर, स्थानक आणि धर्मशाळांच्या विश्वस्तांनीही आपली देयके एकदा काढून पाहावीत. केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भागाला साधारणतः सवलत असते. तळमजल्यावर भाड्याचे गाळे असतील, तर तेवढा भाग करपात्र ठरतो. दोन्ही भाग यादीत वेगळे नोंदवलेले नसतील, तर गाळ्यांमुळे संपूर्ण वास्तूवर आकारणी होण्याचा संभव राहतो. अशा ठिकाणी न्यासाचा नोंदणी उतारा, नकाशा आणि गाळ्यांचे करारनामे जोडून विभागणी मागावी. गाळ्यांचे खरे भाडे दाखवण्यास मात्र संकोच करू नये.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांनाही हा विषय नवा नाही. अमेरिकेतील न्यू जर्सीत घराच्या मूल्यांकनाविरुद्ध काऊंटीच्या करमंडळापुढे अपील करता येते आणि त्याची नेहमीची मुदत बहुतेक ठिकाणी १ एप्रिल असते. इंग्लंडमध्ये तर घरांचे करगट आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर आधारलेले आहेत, आणि गट चुकला असे वाटल्यास घरमालक तो तपासून घेऊ शकतो. तेथे कुणी याला सरकारशी भांडण म्हणत नाही. हिशेब तपासणे एवढाच त्याचा अर्थ असतो.

आपल्याकडेही तो तेवढाच असावा. घरपट्टीतून गावाचे दिवे लागतात, नाल्या साफ होतात, नगर परिषदेच्या शाळा चालतात. ती वेळेवर भरणे हे आपले कर्तव्य आहे आणि ती योग्य आहे का हे पाहणे हा आपला हक्क आहे. वर्षातून एक दुपार यासाठी काढावी. घर मोजावे, नोंद पाहावी. नोंद चुकली असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवावी. मोजताना मुलांना सोबत घ्यावे. टेपचे एक टोक त्यांच्या हाती दिले, तर पुढच्या यादीच्या वेळी त्यांना कुणी सांगावे लागणार नाही.

आमच्या घरी ती प्रत आता जुन्या खरेदीखताच्या फायलीत आहे. बाबांच्या अक्षरातला पाचवा मुद्दा तिच्यात शेवटी आहे. मागच्या दिवाळीत कुणी तरी मोठेबाबांकडे घरपट्टीचा सल्ला विचारायला आले होते. त्यांनी ती फाईल मागवली, पान उघडून समोर ठेवले आणि म्हणाले, “असे लिहा. जेवढे आहे तेवढे लिहा.”